चौकोनांमागचा माणूस

१

पडदा खाली आला, टाळ्या वाजल्या, आणि टाळ्या थांबायच्या आतच गोजराबाई म्हणाल्या, “यो माजा मानूस नाय.”

घणसोली गावातल्या एका अरुंद गल्लीत, समाजमंदिराच्या लांब भिंतीवर, गावच्या काही जुन्या माणसांचे चेहरे बसवले होते. बसवले म्हणजे अक्षरशः बसवले, रंगीत टाइलचे बोटभर चौकोन एकाशेजारी एक लावून. कल्पना माझी मैत्रीण मनस्वी हिची. ती याच गावची, आणि जुन्या व्हिडिओ गेममध्ये असायची तशी ठोकळ्या-ठोकळ्यांची चित्रं करते. नेटवरच्या एका फुकट साइटवर फोटो टाकायचा, चौकोन केवढा हवा ते सांगायचं, की फोटोचे ठोकळे होऊन बाहेर पडतात. गावातल्या म्हाताऱ्यांनाही ते पसंत पडलं. आपल्या घरच्या माणसाचा चेहरा भिंतीवर असावा, पण कोणीही उठून त्याचा फोटो वाटेल तिथे फिरवू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. ठोकळ्यांनी दोन्ही साधत होतं.

त्यातला एक चेहरा गोजराबाईंच्या नवऱ्याचा, गोटीरामांचा. मिठागरात राबलेला आणि नव्या शहरासाठी जमिनी गेल्या तेव्हा गावासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवलेला माणूस. त्यांना जाऊन काही वर्षं झाली होती.

“बाईमानूस हाय यो,” गोजराबाई पुढे म्हणाल्या.

लोक हसले. मनस्वीचा चेहरा उतरला. गोजराबाईंचा मुलगा तेजस, जो आता लहानसहान बांधकामं घेतो, आईचा दंड धरून तिला बाजूला न्यायला लागला. पण बाई हलेना. घरी फोटो आहे, आता आणते आणि दावते, असं म्हणून ती तरातरा निघाली. मागोमाग मी आणि मनस्वी.

घर दोन गल्ल्यांपलीकडे. गोजराबाईंनी कुलूप काढलं, आत पाऊल टाकलं आणि तिथेच उभ्या राहिल्या. दारासमोरच्या भिंतीवर रंगाचा एक फिकट चौकोन आणि वर नुसता खिळा होता.

गोटीरामांचा तो एकच फोटो होता. दुसरा कधी काढलाच नव्हता.

२

माझं नाव संघमित्रा. राहायला सानपाड्यात, नोकरी एका बातम्यांच्या वाहिनीत, आणि काम चेहरे झाकण्याचं. ज्यांची ओळख दाखवायची नसते त्यांच्या तोंडावर मी चौकोन घालते. त्यामुळे लोक काय झाकतात आणि झाकताना काय विसरतात, याची मला थोडीफार जाण आहे. मनस्वीने एवढ्याच भांडवलावर मला गोजराबाईंपुढे ‘शोध लावणारी’ म्हणून उभं केलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या पडवीत चहा पीत बसले होते.

कुलूप तुटलेलं नव्हतं. किल्ल्या दोन, एक त्यांच्याकडे आणि एक तेजसकडे. तेजस बायको-मुलांसह टॉवरमध्ये राहायला गेला होता, बाई एकट्या जुन्या घरात. फोटो दारासमोर लावला होता, म्हणजे कोण आलं, कोण गेलं ते ‘तेजसच्या बापसाला’ दिसावं. नवऱ्याचं नाव त्या घेत नव्हत्या. त्यांच्या पिढीत कोणीच घेत नाही. रोज सकाळी आंघोळ झाली की काचेवर कपाळाच्या जागी कुंकवाचं ठसठशीत बोट लावायचं, हा त्यांचा नेम.

“घराचं नंतर बघू मावशी, आधी मला सांगा,” मी म्हटलं, “भिंतीवरचा चेहरा त्यांचा नाही, हे तुम्हाला कशावरून वाटलं? जवळून तर नुसते चौकोन दिसतात.”

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, “तुना खरं सांगू? डोले मिटले का मना त्यो फोटूच दिसतो. मानूस नाय दिसत. आता फोटूपन गेला. आनी थोरे दिस गेलं का काय दिसंल मना?”

चहा संपवायच्या निमित्ताने मी मान खाली घातली.

निघताना त्यांनी माझं नाव पुन्हा विचारलं. संघमित्रा म्हटल्यावर क्षणभर थांबल्या. अशा थांबण्याची मला लहानपणापासून सवय आहे. नावावरून जात ओळखायला लोकांना तेवढाच वेळ लागतो. मग त्यांनी विचारलं, “सानपाऱ्याला ऱ्हातस तू? तुमच्यात सुनंला घरच्यासारकी वागवतान का?”

हा काय प्रश्न? मला राग आला. आमच्यात म्हणजे काय, तुमच्यात कशी वागवतात, असं जिभेवर आलं होतं. पण समोर म्हातारी, तिचा फोटो हरवलेला. “वागवतात,” एवढंच म्हणून मी चप्पल घातली.

३

आता भिंतीची गंमत. गल्ली इतकी अरुंद की चार पावलं मागे गेलं तर पाठ समोरच्या घराला टेकते. त्यामुळे चेहरा बघायचा तर मोबाइलमध्ये फोटो काढून तो बारीक करूनच बघावा लागे. आणि इथेच सगळा घोळ होता. बाकीचे चेहरे कोणीही पटकन ओळखे. गोटीरामांचा मात्र ज्याला त्याला वेगळा दिसे. किराणावाला म्हणाला, हुबेहूब गोटीराम. त्याची बायको म्हणाली, कोणीतरी नर्सबाई आहे. एका आजोबांना त्यात त्यांचा मिठागरातला मुकादम दिसला. मनस्वी म्हणाली, तिला त्यात गोजराकाकीच दिसते, लग्न होऊन खूप वर्षं झाली की नवरा-बायको सारखे दिसायला लागतात म्हणे. मला स्वतःला एकदा पुरुष दिसला, एकदा बाई दिसली आणि मग डोकं दुखायला लागलं.

माझा पहिला संशय गेला तो टाइल बसवणाऱ्या हरेशभाईंवर. चित्राचे कागद तुकड्यातुकड्यांत दिलेले, त्यांनी दोन तुकडे उलटसुलट लावले असतील. हरेशभाई कच्छी माणूस, दुकान कोपरखैरण्यात. त्यांनी कागद माझ्यापुढे पसरले आणि भिंतीशी ओळ न ओळ ताडून दाखवली. एक चौकोन इकडचा तिकडे नव्हता. वर त्यांची उलटी तक्रार, की याच चेहऱ्याला काळी टाइल संपली. हनुवटीखाली एवढं काळं कशाला लागतं? मनस्वीला वाटलं होतं, तो कोट असेल.

“गोटीरामकाकांना कोट कोणी घातला?” हरेशभाई म्हणाले. “मी त्यांना ओळखत होतो. सदऱ्याशिवाय दुसरं काही अंगावर घातलं नाही त्या माणसाने.”

मग मी मनस्वीकडे वळले. मैत्रीण असली म्हणून काय झालं? तिच्याकडे मूळ फोटो मागितला. तिच्याकडे तो नव्हताच. गावातल्या म्हाताऱ्यांना तिने शब्द दिला होता की ठोकळे झाले की मूळ फोटो मोबाइलमधून पुसून टाकीन, आणि तसं तिने केलंही होतं. फोटो अंधूक होता, जुना फोटो असतोच तसा, असं समजून तिने चेहऱ्याभोवती कापला आणि साइटवर टाकून दिला. नीट पाहिलाच नाही, हे ती इतक्या रडवेल्या सुरात म्हणाली, की मला खरं वाटलं आणि त्याच वेळी संशयही आला.

“मग तुला तो पाठवला कोणी?”

“तेजसदादाने,” ती म्हणाली. “आणि त्याने आजच निरोप दिलाय. येत्या रविवारी तो ते तोंड फोडून काढणार आहे.”

४

तेजस त्याच्या बांधकामावर भेटला. माणूस गोड, दाढी राखलेली, बोलण्यात घाई. त्याचं म्हणणं सरळ होतं. आईचं वय झालं, लोक हसतात, घरातून फोटोही गेला, तर आता तो चेहरा काढून तिथे नुसतं नाव लिहू. विषय संपला, टेन्शन संपलं.

फोटो कसा काढलास, मी विचारलं. त्याने न अडखळता सांगितलं. आई बोनकोड्याला हळदीला गेली होती. त्याने फ्रेम भिंतीवरून उतरवली, मागचे खिळे काढून काच बाजूला केली, फोटो अंगणात उन्हात धरला आणि मोबाइलने काढला. मग सगळं होतं तसं लावून ठेवलं.

“आणि कानांजवळ दोन पिवळे चौकोन आहेत, ते?”

“बाबा बाळी घालायचे.”

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. त्याने पडद्यावर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, “ताई, नंतर बोलतो,” म्हणून बंद केला. गोजराबाईंनी मला एकच पोर असल्याचं भासवलं होतं. निदान दुसऱ्याचा विषय काढला नव्हता. पण हल्ली ताई कोणालाही म्हणतात. तेजस मलाही ताईच म्हणत होता.

परत गावात आले. गोजराबाईंना विचारलं, त्यांचे मालक कानात काही घालायचे का? त्या म्हणाल्या, कधीच नाही, कान टोचलेलेच नव्हते. म्हणजे तेजस खोटं बोलत होता. मी त्यांना रविवारचा बेत सांगितला. वाटलं, त्यांना बरं वाटेल. जो चेहरा आपल्या माणसाचा नाही, तो निघालेला बरा.

त्या ताडकन उठल्या. “भितीला हात लावायचा नाय. सांग त्याला. आयशीनं सांगतलंय म्हनून सांग.”

आता मात्र मी पुरती गोंधळले. ज्या चेहऱ्यावर बाईने भर कार्यक्रमात आक्षेप घेतला, त्याच्याच राखणीला ती उभी होती. शेजारणीने तर आणखी भर घातली, की पडदा उघडल्यापासून गोजराबाई रोज दुपारी त्या भिंतीसमोरच्या ओट्यावर जाऊन बसतात आणि एकटक बघत राहतात.

५

मीही दुपारी तिथे जाऊन बसले. गोजराबाई नुकत्याच उठून गेल्या होत्या. समोर तो चेहरा.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट मी नव्या मुलांना सांगते. चौकोन स्वतःचं काही घालत नाही. त्याच्याखाली जे काही होतं त्या सगळ्याचा मिळून जो रंग होईल तोच तो दाखवतो. तो झाकतो, पण बनवत नाही. म्हणजे भिंतीवर जे जे होतं, ते त्या फोटोत असलंच पाहिजे. मी इतके दिवस चेहरा कोणाचा, हे विचारत बसले होते. विचारायला हवं होतं, की हा चौकोन इथे आला कसा?

कपाळावर एक लाल चौकोन होता. मनस्वीला तो टिळा वाटलेला. पण ते गोजराबाईंचं कुंकू होतं, आणि कुंकू फोटोवर नव्हे तर काचेवर लावलं जायचं. म्हणजे काच काढलीच नव्हती. चेहऱ्याच्या एका बाजूला पांढऱ्या चौकोनांची उभी पट्टी होती. फोटो दारासमोर टांगलेला. ती पट्टी म्हणजे काचेत पडलेलं उघडं दार. फ्रेम अंगणात नेलीच नव्हती, ती खिळ्यावरच होती. हनुवटीखालचा काळा ठोकळा कोट नव्हता. कोणीतरी काचेसमोर धरलेला मोबाइल होता तो.

आणि मोबाइल धरणारी व्यक्तीही काचेत होती.

एकाच काचेत दोन चेहरे होते, आत गोटीराम आणि वर फोटो काढणारी. नेटवरच्या साइटने दोघांना मिळून ठोकळ्यांत बसवलं. म्हणून कोणाला पुरुष दिसे, कोणाला बाई, आणि सगळेच बरोबर होते. गोजराबाई तर सर्वांत जास्त.

कानातले दोन पिवळे चौकोन म्हणजे डूल. दाढीवाला तेजस सुटला. मनस्वीचे केस कापलेले, कानांत काही नसतं, तीही सुटली. तेजसची बायको असती तर त्याने खोटं कशाला बोलावं? सून सासूच्या घरात गेली, यात लपवण्यासारखं काय? जिचं त्या घरात जाणंच लपवायला हवं, अशी कोणीतरी. जिच्यासाठी तेजस आई नसताना कुलूप उघडतो आणि जिला ताई म्हणतो. जी गोजराबाईंसारखी दिसते.

मी मनस्वीला फोन लावला आणि विचारलं, गोजराबाईंना मुलगी आहे का?

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “भाविका. पण गावात ते नाव कोणी काढत नाही. तुला कसं सांगणार होते मी?”

“मला का नाही?”

“तिने अश्विनशी लग्न केलं. मराठवाड्यातलं कुटुंब आहे, तुमच्या समाजातलं. सानपाड्यात राहते.”

मला पुन्हा तो प्रश्न आठवला. तुमच्यात सुनंला घरच्यासारखी वागवतात का? आणि मी किती चुकीच्या बाईवर रागावले होते, ते समजलं. ती मला डिवचत नव्हती. आपल्या लेकीची खुशाली विचारत होती.

६

पत्ता मनस्वीने तेजसकडून मिळवला. अश्विनने दार उघडलं, जय भीम घातला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, “ती तुमची वाटच बघतेय. तेजसचा फोन आला होता.”

भाविका स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कानांत तेच डूल. भिंतीवरचा चेहरा चालत समोर आला, असं मला वाटलं.

तिने काही लपवलं नाही. बाबा गेले तेव्हा ती धावत गेली होती, पण भावकीने गल्लीच्या तोंडाशीच अडवलं. आईने दारात येऊन सांगितलं, की तुझं नाव या घरात कोणी घेणार नाही, मीसुद्धा नाही. बाबांचं शेवटचं दर्शन झालंच नाही. भिंतीसाठी फोटो हवा आहे असं तेजसकडून समजल्यावर तिने हट्ट धरला, की मी काढते, मला एकदा त्यांच्यासमोर उभं राहू दे. फ्रेमला हात लावायचा धीर झाला नाही. समोर उभं राहून, रडत, जसा आला तसा फोटो काढला.

मग भिंत पुरी झाल्यावर, पडदा लागायच्या आधी, ती एका दुपारी तोंड बांधून बघायला गेली. मोबाइलमध्ये फोटो बारीक केला आणि तिला स्वतःचे डूल दिसले. बाबांच्या चेहऱ्यावर आपण येऊन बसलो, हे तिला सहन होईना. चांगला फोटो काढून मनस्वीला द्यावा, निदान मागाहून तरी चेहरा बदलता येईल, म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी आई घराबाहेर पडताच तेजसला गळ घालून तिने फ्रेम घरी आणली.

“फ्रेम पालथी टेबलावर ठेवली,” ती म्हणाली, “खिळे काढले आणि फोटो उचलायला गेले. तो सुटेना. मी ओढला.”

खाडीकाठचं दमट घर. इतक्या पावसाळ्यांत फोटो काचेला चिकटून बसला होता. तिच्या हातात नुसता पांढरा, खरवडलेला कागद आला. तिने तो मला दाखवला. चेहरा नव्हताच त्यावर. आईचं एकच होतं आणि ते मी फाडलं, असं म्हणत ती खाली बसली. तेजसने तिला वाचवायला सगळा बनाव रचला होता, आणि भिंतही त्याचसाठी फोडायची होती.

मी कागद हातात घेऊन बघत राहिले. गोजराबाईंचं वाक्य मनातून जात नव्हतं. फोटो गेला तर काय दिसेल मला? मग डोक्यात प्रकाश पडला, आणि इतका उशिरा पडला याची लाज वाटली. कागदावरून चेहरा गेला, तर तो गेला कुठे?

“काच कुठे आहे?”

तिने ती तशीच, पालथीच, जुन्या ओढणीत गुंडाळून कपाटावर ठेवली होती. त्या दिवसापासून उघडली नव्हती. मागून बघितलं तर कागदाचे पापुद्रे आणि तपकिरी खपल्या. मी काच दोन्ही हातांनी उचलली आणि हळूच सुलटी केली.

गोटीराम आमच्याकडे बघत होते. कपाळावर कुंकू होतं.

७

गोजराबाई भिंतीसमोरच्या ओट्यावर बसल्या होत्या. तेजस, मनस्वी, हरेशभाई, सगळे होते. मी सगळं सांगितलं, जसं इथे सांगितलं तसंच, फक्त एक नाव सोडून. मला वाटलं, ते नाव ऐकून बाई उठून जाईल.

त्या शांतपणे ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, “मना म्हायती व्हतं.”

“काय?”

“भितीवर ती हाय, यो पयल्याच दिसाला ओलखली मी. आयशीला लेक दिसनार नाय का?” त्यांनी पदराने डोळे पुसले. “पन नाव घेनार नाय असां मीच बोल्ले व्हते, चार मानसांत. मंग कुनाला इचारू? म्हनून बोल्ले, बाईमानूस हाय. कुनीतरी बोलंल, कोन बाई ती. कुनी बोललाच नाय. समदी हसली.”

म्हणजे मी लावलेला सगळा शोध तिला आधीच ठाऊक होता. तिला उत्तर नको होतं. कोणीतरी ते नाव तिच्यासमोर मोठ्याने घ्यावं, एवढंच हवं होतं, आणि मी नेमकं तेच गाळलं होतं.

भाविका गल्लीच्या तोंडाशी उभी होती, जिथे तिला एकदा अडवलं होतं तिथेच. शेजारी अश्विन. हातात ओढणीत गुंडाळलेली काच. पुढे यायचं तिला सुचत नव्हतं. तेजस तिच्याकडे गेला आणि दंडाला धरून तिला घेऊन आला. गल्लीतली दारं उघडी होती, सगळीकडून लोक बघत होते, पण या वेळी कोणी अडवलं नाही.

तिने ओढणी सोडली आणि काच आईपुढे धरली. गोजराबाई वाकल्या. कितीतरी वेळ त्या नवऱ्याचा चेहरा बघत होत्या. बघता बघता उन्हाची तिरीप काचेवर आली आणि भाविकाचा चेहराही त्यात उमटला. बाईंनी मान वर केली नाही. भाविकाच्या हातात काच डुगडुगत होती.

“भाविका,” त्या म्हणाल्या, “नीट धर. परंल ती.”